कुंकवाच्या हाताचं पोतं

एकोडी, ४ नोव्हेंबर १९७९

सत्यवतीबाई यांस चंद्रकला वहिनीचा नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर पाहून कपाळाला आठी पडली असेल. पडू द्या. पण फाडण्याआधी पत्र शेवटपर्यंत वाचा, कारण हे भांडणाचं नाही आणि समेटाचंही नाही. हे जीवशास्त्राचं आहे.

मी दहावीला बसते आहे. सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून. हसा पोटभर. पस्तिसाव्या वर्षी डोक्यावर पदर आणि पदराखाली पेशीचं केंद्रक, असं माझं चाललं आहे. तीन वर्षं गावची बालवाडी चालवली. आता समितीचे लोक म्हणतात, बाई दहावी पास पाहिजे, नाहीतर दुसरी बघू. मराठी-भूगोल मी ओढून नेईन. गणितात तुमचे दादा मदत करतात. जीवशास्त्रापाशी मात्र घोडं पेंड खातं आणि एकोडीत विचारायला कुणी नाही. तुलाराममामा लाखनीहून आले होते, त्यांच्याकडून तुमचा नागपूरचा पत्ता घेतला. मुलींच्या शाळेत तुम्ही हाच विषय शिकवता, असं त्यांनी सांगितलं.

पत्र पुस्तकी भाषेत लिहिते आहे, तेवढाच पेपरचा सराव.

आधी एक सांगून टाकते. तुमची शास्त्राची वही मी न विचारता उघडली. बियाण्याच्या खोलीतल्या कोनाड्यात होती, बारा वर्षं, तुम्ही ठेवली तशीच. कडा वाळवीनं खाल्ल्या, अमिबा वाचला. मला पुस्तकापेक्षा ती वहीच बरी समजते. त्या खोलीचं नाव मी काढणार नव्हते. आता शाईनं लिहिलं गेलं, राहू द्या.

शंका अशी. सजीव कोण, तर जो हालतो, खातो, श्वास घेतो, वाढतो. मग पोत्यातलं धानाचं बी कोण? मार्गशीर्षापासून मृगापर्यंत ते हालत नाही, खात नाही, वाढत नाही. पुस्तकाच्या व्याख्येनं ते म्हणजे एक खडाच. आणि मृगात रोपांसाठी पऱ्हे टाकले की आठवड्यात सगळं हिरवं. मग मधले सहा महिने ते जिवंत होतं की मेलेलं?

दुसरी शंका अमिबाची. एकाचे दोन होतात म्हणे. त्यातली आई कोणती आणि लेक कोणती? आई मेली म्हणायची का? तुमच्या दादांना विचारलं तर म्हणाले, "असा बैल असता तं मले दुसरा घ्याच लागला नसता." त्यांची मदत गणितापुरतीच आहे.

भाऊबीजेला त्यांनी यंदाही पाट मांडून ठेवला होता. संध्याकाळी उचलला. हे अभ्यासक्रमात नाही, पण लिहिलं.

चंद्रकला


एकोडी, ९ डिसेंबर १९७९

सत्यवतीबाई,

पाकीट उघडलं तर आत माझंच पत्र. वाटलं, न वाचता परत पाठवलं. मग समासातली तांबडी शाई दिसली. नमस्कार नाही, खुशाली नाही, नुसती उत्तरं. तुमच्या वर्गातल्या पोरी तुम्हाला भीत असणार.

बियाण्यापुढे लिहिलंत, "जिवंत. सुप्त अवस्था. श्वास चालू असतो, फार मंद." अमिबापुढे लिहिलंत, "आई मरत नाही, दोघींत वाटली जाते." भाऊबीजेच्या ओळीखाली तांबडा ठिपका आहे. तो पेन टेकवून उचलल्याचा आहे की शाई गळल्याचा, हे मी उजेडात धरून पाहिलं. कळलं नाही.

तुमचे दादा विचारायला आले, "काय लिवलं तिनं?"

"अमिबाची आई मरत नाही म्हणून."

"अन् माह्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल प्रश्नच नव्हता विचारला."

ते उगाच बैलाच्या दाव्याची गाठ सोडून पुन्हा बांधत बसले. तसे ते बोलणारे नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे.

आता नव्या शंका. झाड दिवसा कार्बन वायू घेतं आणि प्राणवायू सोडतं. बरं. पान उलटलं तर झाड प्राणवायू घेतं आणि कार्बन वायू सोडतं. एकच झाड दोन तोंडांनी बोलतं का? मी दोन्ही पानं चार-चार वेळा वाचली. प्रत्येक पान वाचताना ते खरं वाटतं आणि दुसरं खोटं.

वाळलेलं मोहफूल पाण्यात टाकलं की टम्म फुगतं, हे मला लग्नाआधीपासून ठाऊक आहे. त्याला परासरण म्हणतात हे आता कळलं. मग खाऱ्या पाण्यात ते तसं का फुगत नाही? पाणी तर तिथंही आहे.

आणि एक. सुप्त बी आणि मेलेलं बी वरून सारखंच दिसतं. माणसानं ओळखायचं कसं? हे आपलं सहज विचारते.

चंद्रकला


एकोडी, २० जानेवारी १९८०

सत्यवतीबाई,

झाडाचं कळलं. श्वास रात्रंदिवस चालतो, दिवसा दुसऱ्या कामाखाली झाकला जातो, थांबत नाही. मोहफुलाचं अर्धं कळलं, उरलेलं अर्धं पाठ करीन. पण शेवटच्या प्रश्नापुढे तुम्ही जागा कोरी ठेवलीत. विसरलात का? तुम्ही विसरणाऱ्यातल्या नाही. म्हणजे मुद्दाम. मुद्दाम असेल तर कशासाठी, या विचारात मी दोनदा भाजी करपवली.

घरची एक बातमी आहे. माझ्या रुखमिणीला तुम्ही पाहिलेलं नाही. ती बारा पूर्ण झाली. मागच्या सोमवारी ती पहिल्यांदा बाहेर बसली. सासूबाईंनी ओसरीच्या टोकाला तिची चटई टाकली, पाण्याचा गडू वेगळा ठेवला आणि सगळ्यात आधी हे सांगितलं:

"बियान्याच्या खोलीकडं फिरकू नको व पोरी. तुही आत्या चार दिवसांत आत गेली, अन् अख्खं बियानं मेलं. एक कोंब नाही निंगाला. बारा वर्सं झाले, घरात पाय नाही ठेवला तिनं. कोन्त्या तोंडानं ठेवन?"

रुखमिणी ऐकत होती. मग तिनं माझ्याकडे मान वळवली. "आई, तुह्या पुस्तकात हाय का तसं? हातानं बी मरते का?"

मी म्हटलं, त्या पाठापर्यंत मी अजून आले नाही. खोटं बोलले. चार दिवसांपूर्वीच तो पाठ वाचला होता. दोन थर्मास घ्यायचे, दोन्हीत तापमापी. एकात मोड आलेले हरभरे, दुसऱ्यात उकळलेले. पहिल्यातला पारा चढतो, कारण बी श्वास घेतं. दुसऱ्यातला चढत नाही. उकळलेल्या हरभऱ्याला कुणाचा हात लागला होता, ती चार दिवसांतली होती की कशी होती, याबद्दल पुस्तकात एक अक्षर नाही. मी पुस्तक मिटलं आणि तांदूळ निवडायला घेतले. निवडून झालेलेच तांदूळ होते.

माझा प्रश्न एकाच ओळीचा आहे आणि तो मला लिहिता येत नाही. तीन वेळा सुरुवात केली, तीन कागद चुलीत गेले. परीक्षा मार्चमध्ये, साकोलीला. तोवर पचनसंस्था पाठ करते.

चंद्रकला


एकोडी, २७ मार्च १९८०

सत्यवतीबाई,

काल जीवशास्त्राचा पेपर झाला. माझ्या पुढे-मागे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरी. पर्यवेक्षकांना वाटलं मी कुणाची तरी आई आहे आणि वर्गात चुकून शिरले. म्हणाले, "बाई, पालकांनी बाहेर थांबा." मी हॉलतिकीट दाखवलं.

चौथा प्रश्न: 'अंकुरणासाठी बी जिवंत असणे आवश्यक आहे, हे उदाहरणासह स्पष्ट करा. गुण तीन.'

हरभऱ्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या ओळीत धान आलं. तिसऱ्या ओळीत आपलं अंगण आलं, आणि मग मला थांबता येईना. जे परीक्षकाला लिहिलं तेच आता तुम्हाला लिहिते.

१९६७ चा ज्येष्ठ. सासूबाईंना उकडा तांदूळ लागतो म्हणून मी धान उकडून अंगणात वाळत घातलं होतं. दुपारी आभाळ भरून आलं. मोकळी पोती पुरेनात, म्हणून बियाण्याच्या खोलीतून एक जुनं रिकामं पोतं ओढून आणलं आणि त्यात भरलं. त्याच्यावर मागल्या वर्षीचा कुंकवाचा हात होता. बियाण्याच्या पोत्यावर घरची मोठी बाई कुंकवात बुडवलेल्या पंजानं हात उठवते. एकदा हात उठला की ते पोतं देवाचं, त्यातला दाणा कुणी चावून उष्टा करत नाही. हे तुम्हाला काय सांगायचं, परीक्षकाला सांगावं लागलं. ते भरलेलं पोतं मी त्याच खोलीत नेलं. जागा करायला बियाण्याचं खरं पोतं ढकललं, तर ते फिरलं आणि त्याचा हात भिंतीकडे गेला. समोर दिसत राहिला तो जुना हात. आत उकडलेलं धान, वरून दाणा तोच, तूसही तेच.

मृगात तुमच्या दादांनी हात दिसला ते पोतं उचललं आणि पऱ्हे टाकले. दाणा चावून पाहायची रीत असती तर तिथंच कळलं असतं.

पऱ्हे उगवले नाहीत. दहाव्या दिवशी मी उकडलेलं धान म्हणून दुसरं पोतं उखळावर नेलं. पहिला घाणा पाखडला तर तांदूळ पांढराशुभ्र. उकडा तांदूळ पिवळट असतो. मी पोतं फिरवलं. मागच्या अंगाला कुंकवाचा हात.

तोवर घरात सगळं ठरून गेलं होतं. चार दिवसांत तुम्ही कोनाड्यात वही ठेवायला त्या खोलीत गेला होता, आणि बाहेर येताना सासूबाईंनी तुम्हाला पाहिलं होतं. तुम्ही ओरडून सांगत होता की हातानं बी मरत नाही. मामंजींनी तुमची शाळा बंद केली. धानाच्या अर्ध्या बांध्या पडीत राहिल्या, गाव येऊन पाहून गेलं, आणि प्रत्येकाला तुमचं नाव सांगितलं गेलं.

मी तोंड उघडायला हवं होतं. माझी दोन बाळंतपणं रिकामी गेली होती आणि रुखमिणीचा पाचवा महिना होता. सासूबाई आधीच म्हणायच्या, "यंदाही रिकामी राहली तं माहेरीच ठेवा म्हना." त्यात आणखी बियाणं मीच घालवलं म्हणून कशी सांगू? मी पोतं पुन्हा भिंतीकडे फिरवलं. घराचं बियाणं मी कांडलं, शिजवलं आणि वाढलं. तो भात तुम्हीही जेवलात. पऱ्ह्यातून उरलेलं उकडलेलं धान नंतर कोंबड्यांना घातलं.

तीन गुणांसाठी दीड पान झालं. हृदयाची आकृती राहून गेली.

मामा तुम्हाला शिकायला लाखनीला न्यायला आले त्या दिवशी दादांनी स्वतः तुमची पेटी बैलांच्या खाचरात ठेवली. तुम्ही चढलात आणि एकदा माझ्याकडे पाहिलंत. ती नजर मला आजवर कळलेली नाही. कधी वाटतं, मी हे सगळं विसरून गेले होते. कधी वाटतं, एक दिवसही विसरले नाही. दोन्ही एकाच बाईच्या बाबतीत खरं कसं असेल?

उत्तर नाही दिलंत तरी चालेल, असं लिहिणार होते. नाही चालणार.

चंद्रकला


एकोडी, १८ मे १९८०

सत्यवतीबाई,

तुमचं पाकीट एप्रिलमध्येच मिळालं. माझ्या कबुलीखाली तांबड्या शाईत लिहिलंत, "उत्तर बरोबर. फार उशिरा." आणि त्याखाली डिसेंबरच्या कोऱ्या जागेचं उत्तर: "ओळखणं सोपं आहे, चावून पाहायचं. मामा यायच्या आदल्या दिवशी मी पोत्यात उरलेला दाणा चावला होता. उकडा होता. तुम्हाला पाचवा होता म्हणून बोलले नाही. बाळंत झाल्यावर तुम्ही सांगाल असं वाटलं."

म्हणजे ती नजर ही होती.

मी खूप रडले, बाई. तेरा वर्षं मला वाटत होतं की मी तुम्हाला फसवलं. तुम्ही तर सगळं ठाऊक असून नुसती वाट पाहत होता. मला लाज कशाची जास्त वाटते, चुकीची की वाट पाहायला लावल्याची, हे मला वेगळं करता येत नाही.

शेवटी तुम्ही नवा प्रश्न घातलात: "तीन वाट्या घ्या. प्रयोग आईसमोर करा. निरीक्षण लिहून पाठवा." उत्तर पाठवायला महिना लागला. का, ते खाली येईल.

साहित्य: पितळेच्या तीन वाट्या, ओलं फडकं, धान.

कृती: पहिल्या वाटीत कच्चं धान, रुखमिणीच्या हातानं, तिच्या बाहेर बसण्याच्या दुसऱ्या दिवशी. दुसरीत तेच धान, माझ्या हातानं. तिसरीत उकडलेलं धान, सासूबाईंच्या हातानं, अंघोळ करून, देवाला हात जोडून. ते उकडलेलं आहे हे त्यांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांची नजर आता अधू झाली आहे. "कोन्त्या वाटीत येते ते पाहून घेऊ," म्हणत त्या हौसेनं बसल्या.

निरीक्षण: चौथ्या दिवशी रुखमिणीच्या वाटीत पांढरे कोंब. माझ्या वाटीतही. तिसऱ्या वाटीला आंबूस वास.

सासूबाईंनी वाटी उचलून दारात उजेडाला नेली. बोटानं दाणे उलथेपालथे केले. "माह्याच वाटीत काहून नाही?" मग वाटी खाली ठेवून स्वतःचा हात उलटासुलटा करून पाहू लागल्या. "माह्या हाताले काय झालं व?"

मला वाटलं होतं त्या क्षणी मला जिंकल्यासारखं होईल. नाही झालं. त्यांचं तोंड अगदी त्या वर्षीच्या तुमच्या तोंडासारखं दिसत होतं, आणि मला ते बघवेना.

मी म्हटलं, "तुमच्या हाताले काही नाही झालं, बाई. धान उकडलेलं होतं. त्या सालीही उकडलेलंच होतं."

"कोन उकडलं?"

"मी."

तुमचे दादा उंबऱ्यात उभे होते, तसेच उभे राहिले. सासूबाईंनी वाटी बाजूला सारली. मग म्हणाल्या, "तवाच काहून नाही बोलली?"

"तुम्ही मले माहेरी धाडलं असतं."

त्यांनी खरोखर विचार केला. "धाडलं असतं," म्हणाल्या.

दादा माझ्याशी वीस दिवस बोलले नाहीत. ताट वाढलं की जेवत, पाणी दिलं की पीत. एकविसाव्या दिवशी विचारलं, "तिले मालूम होतं?" मी तुमच्या तांबड्या ओळी वाचून दाखवल्या. "तिची पेटी म्या ठेवली खाचरात," एवढंच म्हणत राहिले. नंतर रडले. लग्नानंतर त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

अनुमान: इथं पुस्तकात एक ओळ असते. मला ती जमत नाही. त्याऐवजी कालचं सांगते.

बियाण्याचं पोतं उंदरांनी कुरतडलं होतं, म्हणून काल ते बाहेर काढून नव्या पोत्यात भरायचं होतं. जुन्यावर कुंकवाचा हात तसाच होता. सासूबाईंनी आत हात घालून चार दाणे काढले आणि तोंडात टाकले. मी बघतच राहिले. पण त्यांना दात कुठे आहेत! दाणे हातावर काढून लुगड्याला पुसले. मग उठल्या, ओसरीच्या टोकाला गेल्या. रुखमिणी चटईवर बसली होती, तिचे दिवस चालू होते. तिच्यापुढे हात केला.

"चाव व पोरी."

रुखमिणीनं माझ्याकडे पाहिलं. तिनं दाणा दाताखाली धरला, कडकन फोडला, हातावर काढून बघितला.

"कच्चा हाय, आजी. पांढरा हाय."

"मंग जित्ता हाय," सासूबाई म्हणाल्या, आणि तिला पोतं धरायला आत बोलावलं.

नवं पोतं भरून तोंड शिवलं आहे. त्यावर हात मात्र उठवलेला नाही. सासूबाईंनी वाटीत कुंकू कालवून कोनाड्यात ठेवलं आहे, तुमच्या वहीशेजारी. "सत्यवती येईन तं ते उठवन," म्हणतात. नाही आली तर, असं रुखमिणीनं विचारलं. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

तुम्ही मला माफ केलंत की नुसती उत्तरं तपासलीत, हे मला अजून कळलेलं नाही. पत्रातून कळणारही नाही. मृग सात जूनला लागतो. ऊन फार आहे, वाटीतलं कुंकू दुपारपर्यंत वाळतं. रोज सकाळी मी त्यात थोडं पाणी घालते.

चंद्रकला